जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे काम : कोणते आधी, कोणते नंतर

समुपदेशनाची पाटी लावली, बाहेरून वक्ता बोलावून तासाभराचे व्याख्यान झाले, फोटो गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला, की बहुतेक शाळांत हे काम झाले असे समजले जाते. ज्या शाळा याहून पुढे जातात, त्यांचीही गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. आधी मुलाला बोलते केले जाते, मग घाईने पालकांना बोलावले जाते, आणि सगळे उघड झाल्यावर शोध सुरू होतो की आता याला पाठवायचे कुठे. तोवर मूल पुन्हा गप्प झालेले असते आणि दुसऱ्यांदा ते सहसा तोंड उघडत नाही. पुढील क्रम ही चूक टाळण्यासाठी लिहिला आहे. तो स्वतःचा समुपदेशक नसलेल्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि आश्रमशाळांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ‘याला डिप्रेशन आहे’, ‘ही हिस्टेरिक आहे’ असे शब्द शिक्षक खोलीतही उच्चारू नयेत. लक्ष ठेवणे, ऐकून घेणे, योग्य माणसाशी गाठ घालून देणे आणि नंतर विचारपूस चालू ठेवणे, एवढेच शाळेने करायचे आहे. हे एवढेच वाटत असले तरी यातले शेवटचे काम जवळपास कोणीच पूर्ण करत नाही.

## टप्पा १ : बाहेरचा रस्ता आधी पक्का करणे (जून–जुलै)

कोणत्याही मुलाशी या विषयावर बोलण्यापूर्वी दोन शिक्षक ठरवावेत, शक्यतो एक बाई आणि एक सर. आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या शाळेतून कोणाची नावे गेली आहेत ते पाहावे. मात्र यादीतले नाव आणि मुले ज्याच्याकडे खरोखर जातात तो माणूस एकच असेल असे नाही. कोणाचा डबा आला नाही, कोण खिचडी न खाता ताट तसेच ठेवून जाते, हे पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना वर्गशिक्षकाच्या आधी कळते. त्यांना बाजूला ठेवून हे काम होत नाही.

दुसरे काम कागदाचे आहे. एका पानावर पुढील फोन क्रमांक लिहावेत : प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, गावच्या आशाताई, जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, जिल्हा बालसंरक्षण कक्ष, हद्दीतले पोलीस ठाणे आणि गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे (दिव्यांग मुलांसाठीचे) विशेष शिक्षक. त्याखाली चोवीस तास चालणारे विनामूल्य क्रमांक असावेत : मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, बालकांच्या मदतीसाठी १०९८, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून तिथे मराठीत बोलता येते. मुलाने किंवा पालकाने फोन करायला हवा असे नाही. ‘अशा मुलाशी कसे बोलू?’ हे विचारण्यासाठी शिक्षकही तिथे फोन करू शकतात.

लिहिलेल्या प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून पाहावा, कारण भिंतीवरच्या तक्त्यातला क्रमांक तीन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचा निघतो, हा अनुभव नवा नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ग्रामीण रुग्णालयात ठरावीक वारी येते. तो वार कोणता, केस-पेपर किती वाजेपर्यंत निघतो, मुलाबरोबर कोणती कागदपत्रे लागतात, हे विचारून त्याच पानावर टिपून ठेवावे. मुलाला घेऊन चाळीस किलोमीटर एसटीने गेल्यावर ‘डॉक्टर मंगळवारी येतात’ असे ऐकून परतलेला पालक पुन्हा तिकडे वळत नाही.

ही तयारी आता केवळ ऐच्छिक राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संपर्क ठेवावा. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे. आणि मदतीचे क्रमांक ठळकपणे लावावेत. समुपदेशकाचे पद कधी भरले जाईल हे मुख्याध्यापकाच्या हाती नाही. औपचारिक संपर्काचे पत्र प्राथमिक आरोग्य केंद्राला देणे मात्र त्यांच्या हाती आहे आणि ते जुलै संपण्यापूर्वी द्यावे.

तिसरे काम जागेचे. मुलाशी बोलायची जागा लोकांना दिसणारी, पण बोलणे ऐकू न येणारी असावी : व्हरांड्याचे टोक, ग्रंथालयाचा कोपरा, किंवा पारावरची बाजू. बंद दार नको, कारण त्यात मुलाचीही सुरक्षितता नाही आणि शिक्षकाचीही. मुख्याध्यापकांची खोलीही नको, कारण तिथे फक्त रागावून घेण्यासाठी बोलावतात, हे पहिलीपासूनच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

तपासून पाहा : आज दुपारी तीन वाजता एखादी मुलगी म्हणाली, ‘मला जगायचे नाही’, तर तिच्याजवळ कोण बसेल, तुमचा वर्ग कोण सांभाळेल, गाडी कोणाची मिळेल? ही तीन नावे सांगता येत नसतील, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा २ : शाळेकडून होणारा त्रास थांबवणे

मुलांना शोधत फिरण्यापूर्वी शाळेने स्वतःकडे पाहावे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छडी बहुतेक ठिकाणी गेली, पण गुणांप्रमाणे रांगा लावणे, मुलाला वडिलांच्या व्यसनावरून किंवा जातीच्या नावाने हाक मारणे, वाचता न येणाऱ्याला परिपाठात मुद्दाम उभे करणे, शिष्यवृत्तीची कागदपत्रे न आणल्याबद्दल भर वर्गात घरची परिस्थिती विचारणे, हे अजून चालते. त्याला छळ म्हणतात हे करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. जुलैच्या शिक्षक सभेत प्रत्येकाने आपल्याकडून होणारी अशी एक गोष्ट स्वतः सांगावी. दुसऱ्याची सांगू नये.

याच वेळी तक्रार पेटीची किल्ली कोणाकडे आहे तेही पाहावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार येऊ शकते त्याच्याच कपाटात किल्ली असेल, तर पेटी वर्षभर रिकामी राहील आणि वर ‘एकही तक्रार नाही’ असा अहवाल जाईल. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर बहुतेक शाळांत असते. तिच्यातल्या महिला पालक सदस्यांसमोर ठरलेल्या वारी पेटी उघडावी.

## टप्पा ३ : लक्ष ठेवणे, आणि तेही हजेरीपटावरून

लक्षणांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याची गरज नाही. पाहायचा तो बदल. मूळचे अबोल मूल अबोल असणे ही अडचण नव्हे. पटापट उत्तरे देणारी मुलगी तीन आठवडे मान वर करत नाही, ही आहे. हा बदल सगळ्यांत आधी हजेरीपटात उतरतो, म्हणून महिन्याच्या शेवटी बेरीज करण्यापूर्वी दहा मिनिटे वेगळ्या नजरेने हजेरीपट वाचावा.

सातवीच्या एका हजेरीपटाचे पान डोळ्यांसमोर आणा. एका मुलाचे खाडे सोमवारी आणि शुक्रवारीच आहेत. चौकशी केली तर तो आठवडे बाजारात हमाली करतो असे निघेल. दुसऱ्या एका मुलीचे खाडे महिन्याकाठी सलग चार दिवसांचे आहेत. तिथे पाळीच्या दिवसांसाठी शौचालयाला पाणी आहे का आणि कचराकुंडी आहे का, हे पाहायचे. तिसऱ्याचे खाडे कुठेही विखुरलेले आहेत, पण गणिताच्या चाचणीचा प्रत्येक दिवस त्यांत आहे. चौथी मुलगी रोज हजर आहे आणि तरीही गेले पंधरा दिवस शाळा सुटल्यावर घरी जायला निघत नाही, काहीतरी काम काढून थांबते. शेवटची गोष्ट हजेरीपटात दिसत नाही. ती शिपाईदादांना विचारावी लागते, आणि बहुधा तीच सर्वांत गंभीर असते.

याखेरीज पुढील खुणा दिसल्या तर पंधरा दिवस वाट न पाहता त्याच दिवशी बोलावे : हातावर कापल्याच्या किंवा भाजल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, वहीत किंवा फोनच्या स्टेटसवर मरणाचा उल्लेख, वर्गात कुणाशी तरी निरोपाच्या भाषेत बोलणे, आणि घरात नुकतीच झालेली आत्महत्या.

सावधान : इंटरनेटवरून काढलेल्या प्रश्नावल्या वर्गात वाटून ‘कोणाला ताण आहे’ ते शोधू नये. चाळीस मुलांनी खरे लिहिले आणि शाळेकडे चौघांसाठीच वेळ असला, तर उरलेल्या छत्तीस जणांनी इतकेच शिकले की लिहून काही होत नाही.

## टप्पा ४ : आधी डोळे, कान, पोट आणि झोप

ही पायरी गाळली जाते आणि मग महिनाभर भलत्याच दिशेने प्रयत्न होतात. फळ्यावरचे न दिसणारे मूल चुळबुळ करते. कमी ऐकू येणारे मूल ‘लक्ष देत नाही’ या शिक्क्यासह वाढते. रक्त कमी असलेली मुलगी दुपारी डोके बाकावर टेकवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा नुसती रांग लावून न देता, ज्या मुलांबद्दल शंका आहे त्यांची यादी आधीच पथकातील डॉक्टरांच्या हातात द्यावी.

दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. बोलता बोलता काही सेकंद एकटक पाहत राहणे, हाक न कळणे आणि पुन्हा काही न घडल्यासारखे सुरू होणे, असे दिवसातून अनेकदा होत असेल, तर तो फेफऱ्याचा प्रकार असू शकतो. तिथे बोलून काही होणार नाही, डॉक्टरच हवेत. दुसरी गोष्ट अध्ययन अक्षमतेची. तोंडी सगळे सांगणारा, पण लिहिताना अक्षरे उलटसुलट करणारा मुलगा पाचवी-सहावीपर्यंत उनाड ठरतो, कारण ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘दंगेखोर’ म्हणवून घेणे त्याला परवडते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. विशेष शिक्षकांमार्फत त्याची रीतसर तपासणी होऊ शकते आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात.

## टप्पा ५ : मुलाशी पहिले बोलणे

वेळ मधल्या सुट्टीच्या सुरुवातीची नको, कारण भूक लागलेली असते; शाळा सुटतानाचीही नको, कारण बोलून झाल्यावर मूल एकटे घरी जाते. खेळाचा किंवा कार्यानुभवाचा तास बरा. ‘तुला सरांनी बोलावलंय’ असा निरोप दुसऱ्या मुलाच्या हाती पाठवू नये, कारण पाच मिनिटांत तो शाळाभर होतो. वह्या उचलून देण्यासारखे साधे काम सांगून बरोबर न्यावे.

सुरुवात दिसलेल्या गोष्टीपासून करावी. ‘तुला काय टेन्शन आहे?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही.’ त्याऐवजी असे बोलता येते :

‘गेल्या आठवड्यात तू तीन दिवस डबा उघडलाच नाहीस. रागावत नाही रे मी. नुसतं विचारतोय, जेवावंसं वाटत नाही का?’

त्यानंतर थांबावे. हे थांबणे शिक्षकांना सर्वांत जड जाते, कारण वर्गातली शांतता भरून काढायची आपल्याला सवय असते. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजावे. मूल बोलू लागले की मध्ये तोडू नये, ‘यात काय एवढं’ म्हणू नये, स्वतःच्या बालपणीच्या कष्टांची गोष्ट सांगू नये आणि मोठ्या माणसांची उदाहरणे देऊ नयेत. ‘मग तू काय केलंस?’ आणि ‘हे अजून कोणाला माहीत आहे?’ हे दोन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात.

मूल म्हणेल, ‘बाई, कुणाला सांगणार नाही ना?’ इथे ‘नाही सांगणार’ असे वचन देणे ही या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महाग चूक आहे. उत्तर आधीच ठरवून ठेवावे : ‘वर्गात कुणाला कळणार नाही, स्टाफरूममध्ये चर्चा होणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला एका माणसाला सांगावं लागेल. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.’

मरणाचे विचार येत असावेत अशी शंका असेल, तर स्पष्ट विचारावे : ‘कधी मरून जावंसं वाटतं का? कसं करायचं असंही मनात आलंय का?’ विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवा विचार घातला जातो, ही समजूत खरी नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून अनेकांना मोकळे वाटते. विचार, ठरवलेला मार्ग आणि ते साधन हाताशी असणे, या तिन्हींची उत्तरे ‘हो’ आली, तर वेळ मिनिटांत मोजायची आहे हे ओळखावे.

## टप्पा ६ : घाई किती आहे ते ठरवणे

ऐकून झाल्यावर दोघा नेमलेल्या शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावे : हे आजचे काम आहे, या आठवड्याचे, की या महिन्याचे.

आजचे. जिवाला धोका असेल तर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, शौचालयात जाताना बाहेर कोणीतरी उभे असावे. पालक किंवा विश्वासू नातेवाईक शाळेत येईपर्यंत मूल शाळेतच राहील आणि तिथून थेट दवाखान्यात जाईल. दरम्यान १४४१६ वर फोन लावून पुढे काय करायचे ते विचारावे. काही प्यायल्याची शंका असली तर १०८ बोलवावी, उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, मिठाचे पाणी पाजू नये, आणि बाटली किंवा पाकीट डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावे.

लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका हेही आजचेच काम आहे. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार ही माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे ती कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपली, असा समज अनेकांचा आहे आणि तो चुकीचा आहे. शाळेने आधी ‘आतली चौकशी’ करू नये, मुलीला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, संशयितासमोर तर मुळीच उभे करू नये. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, अशी तरतूद कलम १९ मध्येच आहे.

या आठवड्याचे. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेले असणे, शाळा पूर्ण सोडून देणे, सतत रडणे, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे, व्यसन, घरातली मारहाण, बालविवाह. यांपैकी मारहाणीच्या आणि बालविवाहाच्या प्रकरणांत १०९८ किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षाशी बोलल्याशिवाय पालकांना फोन करू नये.

या महिन्याचे. परीक्षेची भीती, मैत्रीतले भांडण, नव्या शाळेत न रुळणे. इथे दवाखाना बहुधा लागत नाही. शिक्षकाने आठवड्यातून दोनदा पाच मिनिटे दिली तरी पुष्कळ होते. काही वेळा मुलाचे दुःख सरळ पैशाचे असते. वडील गेलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेचे अनुदान मिळते आहे का, हे विचारणे आणि अर्ज भरून देणे हेही मानसिक आरोग्याचेच काम आहे.

## टप्पा ७ : पालकांशी बोलणे

हे मी एकदा उलट्या क्रमाने केले आहे. आठवीतल्या एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर एक वाक्य सापडले. मी घाबरलो आणि त्याच दुपारी वडिलांना फोन केला. ते बाजारात, चारचौघांत होते. अर्ध्या तासात आले आणि मी व्हरांड्यातून उतरेपर्यंत मैदानावर सगळ्यांसमोर त्यांनी मुलाच्या दोन कानाखाली ठेवून दिल्या. तो मुलगा त्यानंतर एकोणीस दिवस शाळेत आला नाही आणि आल्यावर माझ्याशी बोलला नाही. फोन करण्यात चूक नव्हती. ‘घरातल्या कुणाला सांगू?’ एवढा प्रश्न त्याला आधी विचारला नाही, ही चूक होती. विचारले असते, तर तो आजीचे नाव सांगणार होता, हे मला फार उशिरा कळले.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी मुलाला विचारून माणूस निवडावा. फोनवर फक्त भेटीची वेळ ठरवावी, कारण सांगू नये. ‘काळजीचं नाही, तक्रारही नाही, पण समोर बसून बोलायचंय’ एवढे पुरते. मजुरीवर जाणाऱ्या पालकाला सकाळी अकराला बोलावले की त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. शक्य असेल तर संध्याकाळी त्यांच्या सोयीने भेटावे. घरी जायचे झाल्यास दोघांनी जावे.

बोलण्याची सुरुवात शरीरापासून करावी : ‘झोप लागत नाही म्हणतो, जेवण कमी झालंय, डोकं दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवू.’ ‘मानसिक’ हा शब्द पहिल्याच वाक्यात आला की घरात त्याचा अर्थ ‘वेड’ असा होतो, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता तिथेच सुरू होते. शेतकरी घर असेल तर आणखी एक गोष्ट संकोच न करता सांगावी : फवारणीची औषधे घरातून हलवावीत, कुलपात ठेवावीत, आणि किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी असावी. मनात आलेला विचार आणि हाताशी असलेला डबा यांत जितके अंतर, तितका वाचण्याला वाव.

पालक देवऋषाकडे जायचे म्हणतील. त्यावर वाद घालून काही साधत नाही; ‘तुमच्या मनाचं समाधान करा, पण बुधवारची दवाखान्याची तारीख चुकवू नका’ असे म्हटल्यास निदान तारीख पाळली जाते. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, कोंडणे, धुरी देणे असे काही होणार असेल तर गप्प बसता येत नाही. तो राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे आणि ते तसेच स्पष्ट सांगावे.

तपासून पाहा : भेटीनंतर पालकांना पुढची तारीख, वार, ठिकाण आणि बरोबर कोण येणार हे तोंडपाठ आहे का? नसेल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे.

## टप्पा ८ : चिठ्ठी आणि दवाखाना

डॉक्टरांकडे मुलाला मिळणारा वेळ थोडा असतो आणि अनोळखी माणसापुढे मूल बोलत नाही. त्यामुळे शिक्षकाची चिठ्ठी महत्त्वाची ठरते. तिच्यात मत नको, पाहिलेले हवे. उदाहरणार्थ :

‘इयत्ता आठवी, वय १३. मागील ३० कामकाजाच्या दिवसांपैकी ११ दिवस गैरहजर; त्यापूर्वी जून ते ऑगस्ट एकूण २ दिवस. मधल्या सुट्टीत एकटा बसतो, हे तीन आठवड्यांपासून. दोनदा वर्गात रडला. रात्री झोप लागत नाही असे स्वतः सांगितले. जुलैमध्ये घरात मृत्यू झाला आहे. मरणाचे विचार येतात का, असे विचारले असता “कधी कधी” असे उत्तर दिले. मार्ग ठरवल्याचे नाकारले. श्रवण व दृष्टी तपासणी झाली आहे, दोष नाही.’

चिठ्ठी बंद पाकिटात, पालकांच्या हाती द्यावी आणि देण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावी. पहिल्या भेटीला आशाताई किंवा एक शिक्षक बरोबर गेल्यास फार फरक पडतो, कारण मोठ्या रुग्णालयात केस-पेपरची खिडकी शोधण्यातच कित्येक पालकांचा धीर सुटतो.

## टप्पा ९ : मूल परत वर्गात आल्यावर

स्वागताचा कार्यक्रम नको, परिपाठात उल्लेख नको, ‘आता बरा झालास ना?’ हेही नको. बुडालेला अभ्यास अर्ध्यावर आणावा, अस्वस्थ वाटले तर कुठे जाऊन बसायचे ते आधी ठरवावे, आणि ही सवलत किती दिवसांची ते मुलालाही सांगावे. औषध सुरू असेल तर मुलाला सुस्ती येऊ शकते. त्यावरून टोकू नये. चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून घरचे औषध थांबवतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, एवढे शिक्षकाने आठवण म्हणून सांगत राहावे. गोळ्या शाळेने स्वतःकडे ठेवू नयेत.

विचारपूस पहिल्या महिन्यात दर आठवड्याला व्हावी, पुढे दर पंधरवड्याला. ती कोणी करायची त्याचे नाव ठरलेले असावे, नाहीतर सगळे एकमेकांवर सोडतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे मूल दिवाळीच्या सुमारास गावातून निघते. तारीख आधी विचारावी, त्या काळाची औषधे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत, आणि शक्य असल्यास मुलाला आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का ते पाहावे.

शाळेतील एखाद्या मुलाने जीव दिला असेल, तर शोकसभा थोडक्यात आटपावी. कसे केले, का केले यावर वर्गात बोलू नये. त्याच्या बाकावर बसणारा, त्याच्याबरोबर सायकलने येणारा आणि त्याच्याशी अलीकडे भांडलेला, अशा तिघांशी त्याच आठवड्यात स्वतंत्रपणे बोलावे. तिसऱ्याला सगळे विसरतात.

## टप्पा १० : नोंद आणि पुढे सोपवणे

एक वेगळी वही ठेवावी. तिच्यात नाव नको, ठरवलेला क्रमांक हवा. दिनांक, काय दिसले, काय केले, पुढची तारीख, एवढे चार रकाने पुरेत. ती कुलपात राहील. ऑनलाइन माहिती भरताना, प्रगतिपत्रकात किंवा शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात यातले काहीही जाणार नाही. शाळेचा उपक्रम दाखवायचा असेल तर मुलाचा पाठमोरा फोटोही टाकू नये; गावात पाठीवरूनही ओळखतात.

शेवटची गळती बदलीत होते. मे महिन्यात शिक्षक दुसऱ्या तालुक्यात जातात, चौथी-सातवीची मुले दुसऱ्या शाळेत जातात आणि वही कपाटात राहते. बदली होणाऱ्या शिक्षकाने कार्यमुक्त होण्यापूर्वी वहीतली चालू प्रकरणे उरलेल्या शिक्षकाबरोबर बसून एकेक करून समजावून द्यावीत, आणि मुलालाही सांगावे की आता या बाई तुझी विचारपूस करतील. मूल दुसऱ्या शाळेत जाणार असेल, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर काहीही जोडू नये. पालकांची संमती असेल तरच नव्या शाळेतल्या एका शिक्षकाशी प्रत्यक्ष बोलावे, आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना फोन करून एवढेच विचारावे : ते मूल शाळेत आले का?